मिस्टर लिंकन (गुलाब)

मिस्टर लिंकन : हायब्रिड टी (लांब दांड्यावर बहुधा एकेक मोठे फूल देणारे आधुनिक संकरित गुलाब) या गटातील गर्द लाल, अतिशय सुवासिक आणि जोमाने वाढणारा गुलाब. अमेरिकेतील हर्बर्ट स्विम आणि ओ. एल. वीक्स यांनी तो तयार केला व १९६४ मध्ये तो बाजारात आला. नाव अब्राहम लिंकन यांच्यावरून. नव्या गुलाबांची पारख करणाऱ्या ‘ऑल-अमेरिका रोझ सिलेक्शन्स’ या अमेरिकन संस्थेने १९६५ साठी त्याची निवड केली.

कळी लांबट आणि इतकी गर्द की पाकळ्यांच्या कडा काळ्या मखमलीसारख्या दिसतात. उमलताना लाल रंग उजळत जातो. साधारण पस्तीस पाकळ्यांचे हे फूल तळहाताएवढे होते आणि पूर्ण उमलल्यावर मधले पिवळे पुंकेसर उघडे पडतात. वास दमास्क गुलाबाच्या वळणाचा, गुलकंदाची बरणी उघडल्यावर येतो तसा. दांडा लांब, सरळ. त्यावर बहुधा एकच फूल.

या गुलाबाची वंशावळ मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आई ‘क्रायसलर इंपीरियल’ (वॉल्टर लॅमर्ट्स, १९५२) आणि बाप ‘चार्ल्स मॅलेरिन’. दुसऱ्याला हे नाव फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांनी आपल्या गुरूवरून दिले. ‘क्रायसलर इंपीरियल’ ही ‘शार्लट आर्मस्ट्राँग’ आणि ‘मिरांडी’ यांची संतती. ‘मिरांडी’चा बापही पुन्हा ‘शार्लट आर्मस्ट्राँग’च. या ‘शार्लट’चा बाप म्हणजे जर्मनीच्या विल्हेल्म कोर्डेस यांचा ‘क्रिमसन ग्लोरी’ (१९३५). म्हणजे आईकडून हे रक्त दोनदा आले. अमेरिकन रोझ सोसायटीचे सुगंधासाठीचे गॅम्बल पदक १९६१ मध्ये सर्वप्रथम मिळाले ते याच ‘क्रिमसन ग्लोरी’ला. पुढे ‘क्रायसलर इंपीरियल’ आणि ‘मिस्टर लिंकन’ही त्याचे मानकरी ठरले.

हायब्रिड टी गुलाबांत गुणसूत्रांचे सहसा चार संच असतात आणि मागे कित्येक संकर झालेले असतात. त्यामुळे एकाच जोडीच्या बियांतून येणारी रोपे एकसारखी निघत नाहीत. वरच्याच आईबापांपासून स्विम व वीक्स यांना ‘ओक्लाहोमा’ मिळाला, तर मेयाँ घराण्याने १९६३ मध्ये ‘पापा मेयाँ’ आणला. तिघेही गर्द लाल, तिघेही घमघमणारे. ‘ओक्लाहोमा’ जवळजवळ काळाच. ‘पापा मेयाँ’ला १९८८ मध्ये जागतिक गुलाब संघाच्या मानाच्या यादीत स्थान मिळाले, पण झाड नाजूक आणि भुरीला (पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग) लवकर बळी पडणारे. बागेत लावायला तिघांतला खरा धट्टाकट्टा ‘मिस्टर लिंकन’च. बरेच गर्द लाल गुलाब जुने होताना जांभळट पडतात. याचा रंग त्या मानाने टिकतो.

दोष आहेतच. दमट हवेत पानांवर काळे ठिपके पडतात, पाने गळतात आणि झाड खालून उघडे दिसू लागते. त्याला मोकळी हवा आणि निदान सहा तास ऊन हवे. बियांतून हा वाण जसाच्या तसा येत नाही, म्हणून खुंटावर (दुसऱ्या गुलाबाच्या मुळे असलेल्या रोपावर) या वाणाचा डोळा भरूनच रोपे करतात. महाराष्ट्रात गुलाबांची मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास करतात. या वाणाला ती हात राखून केली तर झाड दोन मीटरपर्यंत सरळसोट वर जाते, फुले डोक्यावर लागतात आणि वास घ्यायला फांदी खाली वाकवावी लागते.