ज्यूइतरांचा विवाह आणि ज्यू धर्मशास्त्र : पार्श्वभूमी

ज्यूइतरांचा विवाह हा हलाखाने, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राने, पूर्वापार खरा विवाह मानला आहे; मात्र त्याची कसोटी ज्यू विवाहाहून वेगळी ठेवली आहे. बायबलमधील 'उत्पत्ती'त गरारचा राजा अबीमलेख अब्राहामाच्या पत्नीला, साराला, आपल्या घरी नेतो, तेव्हा ती विवाहित स्त्री आहे म्हणून देव त्याला स्वप्नात मृत्यूची ताकीद देतो. सिनाय पर्वतावर तोरा, म्हणजे ज्यूंचे मूळ धर्मशास्त्र, मिळण्याच्या कितीतरी आधीचा हा प्रसंग आहे. विवाहबंधन तोरापूर्वीचे आणि सर्व मानवांचे आहे, असे रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, धरले आणि नोहाच्या वंशजांना, म्हणजे अवघ्या मानवजातीला, लागू असलेल्या सात आज्ञांपैकी निषिद्ध शरीरसंबंधांच्या आज्ञेत परस्त्रीगमनाचा समावेश केला.

या विवाहाचे स्वरूप बाराव्या शतकात इजिप्तमध्ये ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीस यांनी नेमकेपणाने मांडले. तोरापूर्वी पुरुषाला बाजारात स्त्री भेटे, दोघांची इच्छा असल्यास तो तिला घरी नेई, एकांतात सहवास घडे आणि ती त्याची पत्नी होई. तोरानंतर ज्यूंना साक्षीदारांसमक्ष किद्दुशिन, म्हणजे ज्यू विवाहबंधनाचा विधी, आवश्यक झाले. इतरांसाठी निर्णायक राहिला तो सहवासच. म्हणूनच ताल्मुद या रब्बींच्या प्राचीन चर्चाग्रंथाच्या मते केवळ मंडपात प्रवेश केलेली ज्यूइतर वधू अजून विवाहित ठरत नाही. घटस्फोटातही हाच फरक दिसतो. ज्यू पत्नीला पतीच्या हातचे गेट, म्हणजे लेखी सोडपत्र, लागते आणि तो ते अडवून धरू शकतो. ज्यूइतर पत्नी मात्र स्वतःहून घर सोडून गेली तरी मोकळी होते. या एका बाबतीत परक्या स्त्रीला दिलेले स्वातंत्र्य घरच्या स्त्रीहून अधिक होते, हे स्पष्टपणे नोंदवायला हवे.

असे जोडपे धर्मांतर करून ज्यू झाले, तर त्यांना नव्याने किद्दुशिन करावे लागते.

किद्दुशिनविना झालेल्या विवाहाचे काय, हा प्रश्न नोंदणी विवाहांमुळे पुढे ज्यूंच्याच दारात आला. अमेरिकेत रब्बी हेन्किन यांनी ज्यू जोडप्याच्या अशा विवाहालाही गेट आवश्यक ठरवले, तर रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी ते अनिवार्य मानले नाही. इस्रायलमध्ये ज्यूंना नोंदणी विवाहाची सोय नसल्याने अनेक जण सायप्रसला जाऊन लग्न करतात. अशाच एका जोडप्याच्या खटल्यात रब्बींच्या वरिष्ठ न्यायालयाने, रब्बी श्लोमो दिखोव्स्की यांच्या निकालपत्राद्वारे, नोहाच्या वंशजांची ही जुनी कल्पना ज्यू विवाहालाच लावली आणि असा विवाह गेटशिवाय, न्यायालयाच्या घोषणेने संपवता येतो असे ठरवले. २००६ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका मान्य केली.