कृत्रिम सराव खेळपट्टी (खानदेश)

कृत्रिम सराव खेळपट्टी : क्रिकेटच्या सरावासाठी पक्क्या पायावर आखूड, दाट लवीचा पॉलिप्रॉपिलीन गालिचा बसवून केलेली कायमची पट्टी. बोलण्यात तिला ‘टर्फ’ म्हणतात. क्रिकेटच्या नियमांत मात्र टर्फ म्हणजे माती-गवताची खेळपट्टी आणि ही ‘नॉन-टर्फ’. दरपत्रक मागवताना लवीची उंची (साधारण ९ ते १२ मिमी.) लिहिली नाही, तर फुटबॉलसाठीचे उंच गवत पदरात पडते आणि त्यावर चेंडूचा टप्पा मरतो.

काथ्याची चटई (मॅटिंग) ही या पट्टीची पूर्वज. चटईवरचा शेवटचा कसोटी सामना डिसेंबर १९५९ मध्ये कराचीत पाकिस्तान व ऑस्ट्रेलिया यांच्यात झाला, असे सामान्यतः मानतात. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या बंदिस्त क्रीडागारात १९६६ साली अंथरलेल्या कृत्रिम गवतापासून ही पट्टी आली, असाही एक समज आहे. तंतू तिथला असेल. पण कठीण पाया आणि त्यावर ताणून बसवलेले आवरण ही रचना चटईचीच असल्याने पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

खानदेशात खरा प्रश्न गालिच्याचा नसून जमिनीचा आहे. तापीखोऱ्यातील काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाणी आधी कडांना पोहोचते, म्हणून कोबा कडेने उचलला जातो. उन्हाळ्यात कडा आधी सुकून खचतात आणि मधोमध लांबच लांब तडा जातो. साक्री, नवापूर भागांतील उथळ, मुरमाड जमिनीत हा त्रास कमी. जागा ठरण्यापूर्वी मुक्त फुगवटा तपासावा (भारतीय मानक आयएस २७२०, भाग ४०) : ४२५ मायक्रॉन चाळणीतून गाळलेली, भट्टीत सुकवलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील घनफळ रॉकेलमधल्या घनफळाच्या दीडपटीहून जास्त भरले, तर ती काळी माती काढल्याशिवाय काम करू नये.

तिच्या जागी काय भरावे, यावर दोन मते आहेत. जुनी पद्धत वाळूच्या थराची. वाळू फुगवटा जिरवते, अशी तिच्यामागची कल्पना. पण काळ्या मातीत खोदलेला वाळूचा खड्डा पाणी साठवणारे टाकेच ठरतो. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडलेली, न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीच्या थराची पद्धत इथे जास्त भरवशाची. चांगला मुरूम हे काम करतो. त्यांच्या प्रयोगांत असा थर सुमारे १ मी. जाडीचा लागतो, सराव पट्टीसाठी व्यवहारात ६० सेंमी.वर भागवतात, तेव्हा कडेचे पाणी तोडणे आणखी महत्त्वाचे.

एका गाळ्याचे (जाळीतल्या एका पट्टीचे) माप ३३ × ३.६६ मी. धरल्यास (२०.१२ मी. यष्टी ते यष्टी, उरलेली गोलंदाजाच्या धावेची आणि फलंदाजामागची जागा) ३४ × ४.३ × ०.६ मी.चा खड्डा सुमारे ८८ घनमीटर होतो. दाबून तो भरायला मोकळा मुरूम साधारण ४० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो. १५ सेंमी.चे थर, प्रत्येकावर पाणी मारून रोलर. एकदम ओतून वरून दबाई केल्यास खालचा थर दोन पावसाळ्यांत बसतो. वर १२५ मिमी. काँक्रीट (एम-२० या मजबुतीच्या प्रतीचे), सुमारे १५ घनमीटर, आडवा उतार शेकडा १. चारी बाजूंना मीटरभर पक्की पट्टी आणि पलीकडे चर. लिंब-बाभूळ जवळ नको. मुळे कडेची ओल ओढतात.

काँक्रीटचे आडवे सांधे साडेचार मीटरच्या आत हवेत, पण फलंदाजाच्या यष्टीपासून ३.५ ते ८ मी. हा टप्प्याचा पट्टा अखंड राहिला पाहिजे. सांध्यावर पडलेला चेंडू अचानक उडतो आणि जबड्यावर येतो. सुट्टीतल्या शिबिरासाठी एप्रिलमध्ये घाईने ओतलेला कोबा हे इथले नेहमीचे दुखणे : पारा ४० अंशांपलीकडे असताना काँक्रीट संध्याकाळी ओतावे, सांधे सकाळपर्यंत कापावेत आणि १४ दिवस ओली गोणपाटे ठेवावीत. २८ दिवसांपूर्वी गालिचा चिकटवल्यास आतली ओल गोंद सोडवते.

गालिचा ४ मी. रुंद गुंडाळीतून अखंड घ्यावा, २ मी.च्या दोन पट्ट्यांचा जोड नेमका यष्टीच्या ओळीत येतो. तो दिवसभर उलगडून ठेवावा. भर दुपारी चिकटवलेला गालिचा रात्री आकसून कडा सोडतो. अगदी गारठ्यात चिकटवलेला दुपारी फुगे धरतो. म्हणून मधली वेळ, सकाळी नऊ-दहाचा सुमार.

दिशा उत्तर-दक्षिण. सामन्यासाठी क्रिकेटच्या नियम ६ नुसार किमान १७.६८ × १.८३ मी. पृष्ठभाग पुरतो.

धातूच्या खिळ्यांचे बूट चालत नाहीत. वावटळीची धूळ लवीत बसून घट्ट होते. आठवड्यातून एकदा लवीच्या उलट दिशेने ताठ झाडू मारावा. सर्वांत आधी झिजतो तो गोलंदाजाच्या पुढच्या पायाखालचा भाग. तेवढा चौकोन कापून बदलता यावा म्हणून त्याच गुंडाळीतला दोनेक मीटरचा तुकडा जपून ठेवतात.