दोन सेल की तीन? रॉक क्रॉलरच्या बॅटरीची पार्श्वभूमी

रॉक क्रॉलर, म्हणजे दगडांवर हळूहळू चढणारी रिमोटची गाडी, घेतला की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो: बॅटरी २एस (एकापुढे एक जोडलेल्या दोन सेलची) घ्यायची की ३एस (तीन सेलची)? मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरच्या पत्रकात बहुतेक वेळा '२-३एस ली-पो किंवा ५ ते ९ सेल निकेल' असं छापलेलं असतं; ली-पो म्हणजे लिथियम-पॉलिमर. नवख्याला वाटतं, जास्त सेल म्हणजे जास्त ताकद, संपला विषय. पण हे आकडे तिथे का आले हे कळलं, तर निवड करणं खूप सोपं जातं.

सुरुवात निकेल-कॅडमियमपासून करू. या सेलचा नाममात्र दाब १.२ व्होल्ट. १९८०च्या दशकात तामियाच्या ग्रासहॉपर, हॉर्नेटसारख्या गाड्यांनी रेडिओ कंट्रोल घराघरांत नेलं, तेव्हा सहा सेल एकापुढे एक जोडलेला ७.२ व्होल्टचा पॅक हेच चलनी नाणं होतं. मोटरी, चार्जर, शर्यतींचे नियम, सगळं त्या सहा सेलभोवती बेतलं गेलं. वेगाचं नियंत्रण यांत्रिक होतं. सर्व्हो नावाची छोटी मोटर एक पट्टी संपर्कबिंदूंवरून सरकवायची आणि पूर्ण वेगापेक्षा कमी हवं असेल तेव्हा वाटेत सिरॅमिकचा पांढरा रेझिस्टर यायचा. मोटरला नको असलेली वीज हा रेझिस्टर जाळून टाकायचा. शर्यतीत गाडी बहुतेक वेळ पूर्ण वेगात असल्याने हे निभावून जायचं. हळू चालवलं की रेझिस्टर चटका बसण्याइतका तापायचा. क्रॉलरला तर सदासर्वकाळ हळूच चालायचं असतं. म्हणजे हा खेळ त्या तंत्राच्या मुळावरच येणारा होता. मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच वापरणारे कंट्रोलर स्वस्त होईपर्यंत तो रुजणं शक्य नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. मॉस्फेट वीज जाळत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून सरासरी दाब कमी करतो.

२०००नंतर अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी दगडावर चढणाऱ्या गाड्या स्वतःच जुळवायला घेतल्या. कच्चा माल जुनाच: तामियाच्या १९८७च्या क्लॉड बस्टरचे अॅक्सल, ज्यात प्रत्येक अॅक्सलवर स्वतंत्र मोटर असते. या लोकांना सहा सेलचा मोठा पॅक नकोसा झाला, कारण त्याचं साडेतीनशे-चारशे ग्रॅम वजन चढावर गाडीला मागे उलटवायचं. मग छोट्या सेलचे पॅक पुढच्या अॅक्सलजवळ बांधायची पद्धत पडली. बॅटरी किती दाबाची, याइतकंच ती कुठे बसते हेही क्रॉलरमध्ये महत्त्वाचं असतं, ते तेव्हापासून. २००७च्या सुमारास अॅक्सियलने एएक्स१० स्कॉर्पियन आणला आणि जुळवाजुळव न करताही क्रॉलर मिळू लागला.

याच काळात ली-पो आली. सेलचा नाममात्र दाब ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. निकेलचे तीन सेल म्हणजे ३.६ व्होल्ट, जवळजवळ लिथियमच्या एका सेलइतके. त्यामुळे दोन सेलचा ७.४ व्होल्टचा पॅक जुन्या सहा सेलच्या जागी अलगद बसला. मोटर बदलावी लागली नाही, गिअर बदलावे लागले नाहीत. नऊ निकेल सेलचे १०.८ व्होल्ट आणि ३एसचे ११.१ हेही तसंच जोडपं. पत्रकावरचे '२-३एस' आणि '५ ते ९ सेल' असे शेजारी येतात ते यामुळे. २एस हा आकडा कुणी क्रॉलरसाठी शोधून काढलेला नाही, तो निकेलच्या जमान्यातून वारशाने आला आहे.

बदल झाला तो वेगळ्याच ठिकाणी. निकेलचा सेल तळापर्यंत रिकामा केला तरी सहसा माफ करतो, लिथियमचा करत नाही. दर सेलला तीन व्होल्टच्या खाली उतरला की तो कायमचा बिघडू लागतो. म्हणून कंट्रोलरमध्ये कटऑफ, म्हणजे ठरावीक दाबाखाली मोटर थांबवायची सोय, आला, आणि कटऑफ द्यायचा तर सेल किती ते कंट्रोलरला कळायला हवं. बरेच कंट्रोलर प्लग जोडताक्षणी दाब मोजून अंदाज बांधतात: ८.४च्या आसपास किंवा खाली म्हणजे दोन सेल, नऊच्या पुढे म्हणजे तीन. यात फट आहे. चार्जरवरून नुकताच काढलेला सहा सेलचा निकेल पॅक नऊच्या घरात जाऊ शकतो, कंट्रोलर त्याला तीन सेलचा समजतो, आणि मग गाडी काही मिनिटांतच थांबते. लोकप्रिय क्विकरन १०६० या कंट्रोलरवर 'ली-पो की निकेल' सांगणारा छोटा जंपर आहे तो याचसाठी.

उलटी चूक जास्त महागात पडते, आणि ती मी केली आहे. पुण्यात वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीतल्या कातळावर दिवसभर चालवून आलो आणि ३एसचा पॅक गाडीला जोडलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी तो नऊ व्होल्टच्या खाली उतरला होता. कंट्रोलरने दोनदा बीप केलं, म्हणजे त्याच्या लेखी पॅक २एसचा होता. गाडी थोडी मंद वाटली, पण चालली. दर सेलला ३.२ धरून दोन सेलचा कटऑफ ६.४ व्होल्टला येतो; तीन सेलमध्ये वाटला तर सेलला जेमतेम २.१३. संध्याकाळी पॅक उशीसारखा फुगलेला होता. तेव्हापासून कटऑफ मी प्रोग्राम कार्डवरून (कंट्रोलरच्या सेटिंग बदलायचं छोटं यंत्र) ३एसलाच कायम करतो आणि बीप मोजल्याशिवाय ट्रिगर ओढत नाही.

आता तीन सेलची ओढ का लागली ते पाहू. इथे एक गुणोत्तर पुन्हापुन्हा भेटतं, २ : ३. त्याच १०६० च्या पत्रकात २एसला किमान १२ टर्नची मोटर सांगितली आहे आणि ३एसला किमान १८ टर्नची. टर्न म्हणजे मोटरच्या आतल्या गुंडाळीचे वेढे. जास्त वेढे, तेवढ्याच दाबावर कमी फेरे. सेल दीडपट झाले, तर वेढेही दीडपट. हॉबीविंगच्या ब्रशलेस फ्यूजनच्या मोटरी पाहा: १८०० केव्ही आणि १२०० केव्ही. केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे. १८०० ला ७.४ ने गुणा, १२०० ला ११.१ ने गुणा, दोन्हीचं उत्तर १३,३२०.

मग वेग तोच राहणार असेल तर मिळवलं काय? तेवढंच काम दीडपट दाबावर केलं की करंट दोन तृतीयांशावर येतो. वायर, प्लग आणि कंट्रोलरच्या मॉस्फेटमधली उष्णता करंटच्या वर्गानुसार चालते, म्हणजे ती निम्म्याहून खाली, चार नवमांशावर येते. मोटरच्या गुंडाळीतली उष्णता मात्र फारशी हलत नाही, कारण जास्त वेढे बसवायचे तर तार बारीक घ्यावी लागते. '३एस लावलं की मोटर थंड राहते' असं जे सर्रास सांगितलं जातं ते म्हणूनच अर्धवट आहे. जुनीच कमी टर्नची मोटर ठेवून नुसता एक सेल वाढवला, तर फक्त वेग वाढतो आणि दगडात चाक अडकल्यावर मोटर आधीपेक्षा लवकर जळते. सेल वाढवायचे तर टर्नही वाढवायचे.

दुसरी अडचण बीईसीची. रिसीव्हर आणि स्टिअरिंगच्या सर्व्होला वीज पुरवणारा हा कंट्रोलरमधला भाग. स्वस्त कंट्रोलरमध्ये तो लिनिअर असायचा, म्हणजे जादा दाब उष्णतेत घालवायचा, अगदी त्या जुन्या पांढऱ्या रेझिस्टरसारखा. सर्व्होला ६ व्होल्ट, २ अँपिअर द्यायचे आहेत असं धरा. भरलेल्या २एसवर २.४ व्होल्ट जास्तीचे, म्हणजे ४.८ वॉट उष्णता. भरलेल्या ३एसवर ६.६ व्होल्ट, म्हणजे १३.२ वॉट. सेल दीडपट, उष्णता पावणेतीनपट. त्यात क्रॉलरचा सर्व्हो कपारीत चाक वळवताना सतत जोर लावत असतो. मोटर ठणठणीत असताना गाडी मध्येच मान टाकायची, ती बहुतेक वेळा यामुळे. त्यावर उपाय म्हणून वेगळा स्विचिंग बीईसी, म्हणजे वीज न जाळता चालू-बंद करून दाब उतरवणारा, बसवायची रीत पडली. कॅसल क्रिएशन्सचा १० अँपिअरचा बीईसी त्या काळात कितीतरी क्रॉलरमध्ये दिसायचा. पुढे चांगल्या कंट्रोलरमध्येच स्विचिंग बीईसी येऊ लागला आणि ३एस निर्धास्त झालं.

आता हा वारसा तळहाताएवढ्या गाड्यांतही पोहोचला आहे. अॅक्सियलच्या २४व्या हिश्शाच्या एससीएक्स२४ सोबत आलेली बॅटरी ३५० एमएएचची, २एस, ७.४ व्होल्ट. कंट्रोलर आणि रिसीव्हर एकाच पट्टीवर, आणि तो फक्त दोन सेलसाठीच बनवलेला. तिला तीन सेल द्यायचे असतील तर आधी ती पट्टी बदलावी लागते, मग मोटर, आणि बॅटरी सगळ्यात शेवटी.