‘इतकी वर्षं काही झालं नाही’ आणि एअरबॅगमधली वडी

माझ्या एका मित्राला त्याच्या गाडीच्या कंपनीकडून रिकॉलचं, म्हणजे सदोष भागासाठी गाडी परत बोलावल्याचं, पत्र आलं होतं. एअरबॅगचा एक भाग मोफत बदलून देऊ, गाडी घेऊन या, एवढाच मजकूर. त्याने ते वाचलं आणि खणात टाकलं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “अकरा वर्षं चालवतोय, एकदाही कुरकुर केली नाही तिने. काही व्हायचं असतं तर एव्हाना झालं नसतं का?” शिवाय ही गाडी आपल्याला लाभली आहे, अशी त्याची मनोमन खात्री आहे.

गाडी लाभते की नाही यावर मला वाद घालायचा नाही. धातू, रबर आणि रसायनांना मालक कोण हे कळत नाही, एवढं म्हटलं तरी पुरे. मला अस्वस्थ केलं ते त्याच्या पहिल्या वाक्याने. इतकी वर्षं काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही, हा तर्क पुष्कळ ठिकाणी चालतो. पण वाहन उद्योगाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या रिकॉलच्या बाबतीत तो नेमका उलटा पडतो. तिथे सरणारं प्रत्येक वर्ष धोका वाढवत होतं.

हे रिकॉल होतं टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचं, म्हणजे एअरबॅगची पिशवी फुगवणाऱ्या भागाचं. पहिलं रिकॉल २००८ साली होंडाने केलं, जेमतेम चार हजार गाड्यांचं. पुढे ते वाढतच गेलं आणि एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरपर्यंत पोचलं. गाड्या एकोणीस-वीस कंपन्यांच्या होत्या, सदोष भाग मात्र एकाच पुरवठादाराचा.

एअरबॅगकडे वेळ किती कमी असतो ते आधी पाहू. समोरून धडक बसली की संवेदक आणि संगणक मिळून साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत निर्णय घेतात आणि पुढच्या तीसेक मिलिसेकंदांत पिशवी फुगते. पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. इतक्या झटपट पंपाने हवा भरता येत नाही. दाबाखाली साठवलेला वायू वापरणारे इन्फ्लेटर असतात, पण स्टीअरिंगच्या चिमुकल्या जागेत बहुधा घन इंधनच वापरतात. धातूच्या छोट्या डबीत दाबून केलेल्या वड्या असतात, त्या पेटतात, वायू तयार होतो आणि डबीच्या भोकांमधून पिशवीत शिरतो. पूर्वी या वड्या सोडियम अझाइडच्या असत. ते विषारी, म्हणून उद्योग दुसरी रसायनं शोधू लागला. २००० च्या सुमारास टाकाटाने अमोनियम नायट्रेट निवडलं.

हे तेच खतातलं आणि खाणीतल्या सुरुंगातलं अमोनियम नायट्रेट. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुतच्या बंदरात २७५० टन फुटलं तेही हेच. म्हणून ‘स्टीअरिंगमध्ये बॉम्ब’ अशा मथळ्यांचं पीक आलं. मला ते मथळे पटत नाहीत. इन्फ्लेटरमध्ये ते अगदी थोडं असतं आणि तिथे त्याने फुटायचं नसून जळायचं असतं. निवड अगदीच वेडगळ नव्हती. हे रसायन स्वस्त आहे, आणि जळाल्यावर त्याचं जवळजवळ सगळं नायट्रोजन, वाफ आणि ऑक्सिजन होतं, राख उरत नाही. थोड्या इंधनात पुष्कळ वायू मिळाला की डबीही लहान आणि हलकी होते.

अडचण त्याच्या स्वभावात आहे. एक तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं. दुसरं, तापमान बदललं की त्याची स्फटिकरचना बदलते. सुमारे ३२ अंश सेल्सियसला ते एका रचनेतून दुसरीत जातं आणि त्याचं आकारमान साडेतीन-चार टक्क्यांनी वाढतं. थंड झालं की परत आकसतं. ३२ अंश म्हणजे काही भट्टी नव्हे, उन्हात उभी केलेली गाडी हा टप्पा दररोज जाता-येता ओलांडते. टाकाटाच्या रसायनज्ञांना हे ठाऊक होतं. त्यांनी पोटॅशियम नायट्रेट मिसळून ही रचनाबदलाची खोड बरीचशी काबूत आणली. पाण्याची ओढ मात्र कायम राहिली, आणि सुरुवातीच्या बहुतेक इन्फ्लेटरमध्ये ओलावा शोषणारा पदार्थ घातलेलाच नव्हता.

आता डबीच्या आत काय घडतं ते बघा. सीलमधून वर्षानुवर्षं पाण्याची वाफ किंचित किंचित आत झिरपते. दिवसा गाडी तापते आणि ओलावा वडीतून बाहेर पडून डबीत फिरतो. रात्री गार होताना तो पुन्हा वडीत शिरतो, कणांचा बाहेरचा थर विरघळवतो, आणि तो थर नव्याने स्फटिक होतो, पण पूर्वीसारखा गच्च नाही. हे हजारो वेळा होतं. घट्ट दाबलेली वडी हळूहळू फुगते, तिची घनता उतरते, आत बारीक छिद्रं तयार होतात. बाहेरून डबी जशीच्या तशी दिसते आणि डॅशबोर्डवरचा दिवाही लागत नाही. तो दिवा विद्युतमंडल तपासतो, वडीची घनता तपासायची सोय त्याच्याकडे नाही.

थोडी छिद्रं पडली तर एवढं काय बिघडतं? मला या विषयातला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग इथे सुरू होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

घन इंधन पृष्ठभागावरून जळतं. लाकडाचा ओंडका तासभर धुमसतो, त्याच ओंडक्याचा भुसा हवेत उडवून पेटवला तर भडका होतो. लाकूड तेवढंच, जळायला मोकळं क्षेत्रफळ मात्र कितीतरी जास्त. बंद डबीत याला आणखी एक गोष्ट जोडली जाते. इंधन जळण्याचा वेग स्वतः दाबावर अवलंबून असतो. दाब वाढला की ज्वाला पृष्ठभागाला अधिक चिकटते, उष्णता लवकर आत पोचते आणि जळणं वेग घेतं. वेग वाढला की वायू जास्त, वायू जास्त की दाब जास्त. हे चक्र आटोक्यात राहतं ते भोकांमुळे, कारण दाब वाढला की वायू बाहेरही जोराने पडतो. आत तयार होणारा आणि बाहेर जाणारा वायू जिथे समान होतात, तो डबीचा कामाचा दाब.

जळण्याचा वेग हा दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात असतो. समजा तो घातांक ०.५ आहे. बाहेर पडणारा वायू मात्र थेट दाबाच्या प्रमाणात. हे दोन्ही समान मांडून समीकरण सोडवलं, तर दाब हा क्षेत्रफळाच्या ‘एक भागिले एक वजा घातांक’ एवढ्या घाताच्या प्रमाणात येतो. म्हणजे जळणारं क्षेत्रफळ दुप्पट झालं तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. घातांक ०.७५ असेल तर सोळापट. त्याच ०.७५ ला क्षेत्रफळ फक्त २० टक्क्यांनी वाढलं तरी दाब दुपटीच्या वर जातो. घातांक १ ला भिडला तर भागाकारात शून्य येतं, म्हणजे समतोल साधणारा दाबच उरत नाही. हे आकडे मी गणित समजावं म्हणून घेतले आहेत, आणि खऱ्या इन्फ्लेटरमध्ये सगळं काही मिलिसेकंदांत उरकत असल्याने असा स्थिर समतोल पुरता साधतही नाही. पण दिशा हीच. त्यात छिद्रांचा स्वभाव आणखी वाईट. कमी दाबाला ज्वाला त्यांच्या तोंडाशीच थांबते, दाब एका मर्यादेपलीकडे गेला की तापलेला वायू आत घुसतो आणि वडी पोटातूनही जळू लागते. क्षेत्रफळ थोडंथोडकं वाढत नाही, एकदम उसळतं.

डबी एवढ्या दाबासाठी बनवलेली नसते. ती फाटते आणि तिचे तुकडे पिशवी भेदून समोर बसलेल्या माणसाच्या मानेवर, चेहऱ्यावर येतात. २०१४ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोमध्ये अपघातात मरण पावलेल्या एका महिलेच्या मानेवरच्या जखमा पाहून तपास करणाऱ्यांना आधी भोसकल्याचा संशय आला होता. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ असं म्हणायची आपल्याला सवय आहे. इथे काळाचं आणि वेळेचं गणित तापमान, आर्द्रता आणि वय या तीन गोष्टींनी मांडता येत होतं, आणि ते मांडलं गेलंही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑर्बिटल एटीके या रॉकेट इंधनातल्या जाणकार कंपनीने वाहन कंपन्यांसाठी केलेल्या तपासाचा निष्कर्ष आला: ओलावाशोषकाविना अमोनियम नायट्रेट, तापमानाची वर्षानुवर्षांची चढउतार आणि आर्द्रता अडवू न शकणारी डबीची रचना, ही तिन्ही कारणं एकत्र आली की फाटण्याचा धोका. म्हणूनच अमेरिकेत उष्ण-दमट राज्यांतल्या गाड्यांचा क्रम आधी लावला. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अ‍ॅक्युरा गाड्यांतले इन्फ्लेटर तर इतके बिघडलेले निघाले की, अपघातात ते फाटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असल्याचं तिथल्या सरकारी सुरक्षा संस्थेने सांगितलं.

नवीन असताना हे इन्फ्लेटर आपलं काम नीट करत होते. दोष काळाच्या ओघात आत वाढला. मित्राची अकरा वर्षं हा गाडीच्या तब्येतीचा दाखला नव्हता, तेवढ्या काळात एअरबॅग उघडायची वेळच आली नव्हती.

यावरून कुणी एअरबॅगच काढून टाकायचा सल्ला देत असेल तर तो ऐकू नका. अमेरिकेतल्या सरकारी अंदाजानुसार १९८७ ते २०१७ या काळात पुढच्या एअरबॅगांनी ५० हजारांहून अधिक जीव वाचवले. आणि रिकॉल म्हणजे गाडी भंगार, हाही गैरसमज. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे २० लाख गाड्यांचं रिकॉल केलं तेव्हा उपाय होता बिनतारी सॉफ्टवेअर अपडेट. याउलट जनरल मोटर्सच्या २०१४ च्या रिकॉलमागे होता इग्निशन स्विचमधला एक छोटा, कमी ताकदीचा स्प्रिंगचा भाग. किल्ली चालू अवस्थेतून घसरायची आणि ऐन अपघातात एअरबॅगच बंद असायची. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तो स्विच मध्यंतरी गुपचूप सुधारला होता, पण भागाचा क्रमांक न बदलता, त्यामुळे कोणत्या गाडीत जुना आणि कोणत्या गाडीत नवा हे शोधणं मुश्कील झालं.

क्रमांकाला एवढं महत्त्व का, ते यातून कळावं. प्रत्येक गाडीला १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं घेत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. रिकॉल मॉडेलच्या नावावर नव्हे, या क्रमांकावर चालतं. एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एक यादीत असते, दुसरी नसते. पत्र नोंदीतल्या मालकाच्या पत्त्यावर जातं, त्यामुळे हातोहात फिरलेल्या गाडीपर्यंत ते पोचतंच असं नाही. एकदा तपासून भागत नाही, कारण टाकाटाचे इन्फ्लेटर असलेल्या काही गाड्यांत सुटे भाग अपुरे म्हणून तात्पुरते त्याच रसायनाचे नवे इन्फ्लेटर बसवले होते आणि तेही पुढे पुन्हा बदलावे लागले.

शेवटी मित्राला काचेच्या कोपऱ्यातला तो क्रमांक वाचायला लावला आणि कंपनीच्या संकेतस्थळावर भरला. एअरबॅगचं काम बाकी निघालं. त्याखाली आणखी एक निघालं, ज्याचं पत्र त्याला कधी आलंच नव्हतं.