इंजिन तिसऱ्या हिश्श्याचे, घाई तिप्पट

रुळांशिवाय साध्या रस्त्यावरून ओझे ओढणारे आणि शेतात उभे राहून पट्ट्याने मळणीयंत्र फिरवणारे वाफेचे इंजिन म्हणजे ट्रॅक्शन इंजिन. आधीची शेतीची इंजिने घोडे जुंपून न्यावी लागत. वाफेचे यंत्र घोड्यांनी ओढायचे, हा टॉमस अ‍ॅव्हलिंग यांना यंत्रशास्त्राचा अपमानच वाटे. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या या गृहस्थांनी 1859 मध्ये अशा एका इंजिनाच्या क्रँकशाफ्टपासून, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्यापासून, मागच्या आसापर्यंत लांब साखळी टाकली आणि ते आपले आपण चालू लागले.

ब्रिटनमध्ये या इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती बनवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. प्रमाण फुटाला इंचांत सांगतात: दीड इंच, दोन, तीन, चार, सहा. नॉर्थॅम्प्टनच्या ऑलचिन कंपनीचे 1925 चे ‘रॉयल चेस्टर’ हे या मंडळींचे लाडके इंजिन, विशेषतः दीड इंची प्रमाणात. आपण हिशेबासाठी चार इंची, म्हणजे मूळ इंजिनाच्या एक तृतीयांश प्रतिकृती घेऊ.

लांबी तीन पट कमी झाली की क्षेत्रफळ नऊ पट आणि घनफळ सत्तावीस पट कमी होते. दहा टनांचे इंजिन त्यामुळे जेमतेम पावणेचारशे किलोवर येते. वाफेचा दाब मात्र तोच ठेवता येतो. बॉयलरच्या पत्र्यावरचा ताण हा दाब, त्रिज्या आणि जाडी यांवर ठरतो. त्रिज्या आणि जाडी एकाच प्रमाणात घटल्या, तर ताण होता तेवढाच राहतो. सगळ्या इंजिनात इतकी सरळ वागणारी गोष्ट दुसरी सापडणे कठीण.

दाब तोच आणि पिस्टनचा वेगही तोच ठेवला, तर वाफ लागते नवव्या हिश्श्याने. बॉयलरमधले पाणी मात्र उरले आहे सत्ताविसावा हिस्सा. म्हणजे मूळ इंजिनात जे पाणी अर्धा तास टिकले असते, ते इथे दहा मिनिटांत संपणार. शेतावरचा चालक पाणी सोडून निवांत चिलीम ओढत असेलही. प्रतिकृतीच्या चालकाची नजर काचनळीवरून हलत नाही.

बरे, ती काचनळीही खरे बोलेल याची खात्री नाही. बॉयलरमधली पातळी दाखवणारी ही नळी दोन इंची प्रतिकृतीसाठी अगदी प्रमाणात लहान केली, तर तिचे भोक दोनेक मिलिमीटरचे होईल. एवढ्या अरुंद, स्वच्छ काचेत पृष्ठताणामुळे थंड पाणी आपसूक सुमारे दीड सेंटीमीटर वर चढते. पाणी गरम झाले की ही चढण कमी होते, पण नाहीशी होत नाही. वर बुडबुडा अडकला तर पातळी भलतीच दिसते. बॉयलरमध्येच पाण्याने वेढलेल्या भट्टीच्या छतावर मुळात दोन-तीन सेंटीमीटर पाणी असताना एवढी चूक परवडणारी नाही. म्हणून जाणते कारागीर नळी मुद्दाम प्रमाणाबाहेर जाड घेतात. दिसायला थोडी बोजड वाटते, पण इथे हुबेहूबपणाचा हट्ट धरणाऱ्याचे मला कौतुक नाही.

पाणी ओसरून हे छत उघडे पडले आणि तापले तर काय, याचाही बंदोबस्त असतो. छतात शिशाचा गाभा असलेला एक स्क्रू बसवतात. साधारण सात बार दाबाला पाणी 170 अंश सेल्सिअसला उकळते, शिसे वितळते 327 अंशांना. पाण्याखाली असेपर्यंत शिसे सुरक्षित. पाणी हटले की ते वितळते आणि वाफ थेट आगीवर सुटते. भट्टी मागच्या टोकाला असल्याने उतारावर पाणी पुढे धावते आणि छत उघडे पडू लागते. मोठ्या इंजिनांचे चालक उताराला यासाठीच वचकून असत.

लहान बॉयलर बहुधा तांब्याचा, सांधे चांदीच्या डाखाचे. तयार झाल्यावर त्याची कसोटी वाफेने घेत नाहीत. थंड पाणी भरून हातपंपाने दाब कामाच्या दाबाच्या दुप्पट नेतात. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे त्यात साठणारी ऊर्जा नगण्य असते. सांधा सुटलाच तर पाण्याची एक चिळकांडी उडते आणि काटा शून्यावर येतो. वाफ असती तर स्फोट झाला असता.

आता चाल. पिस्टनचा वेग तोच, पण त्याची धाव, म्हणजे सिलिंडरमधला मागे-पुढे जाण्याचा पल्ला, एक तृतीयांश, म्हणून क्रँकशाफ्टला तिप्पट फेरे घ्यावे लागतात. मूळ इंजिनाचे मिनिटाला 150 फेरे असतील, तर इथे 450. एका सिलिंडरचे इंजिन फेऱ्याला दोनदा वाफ धुराड्यात सोडते आणि त्या झोताने भट्टीतली हवा ओढली जाऊन आग फुलते. सेकंदाला पाच हुंकार कानाला सुटे ऐकू येतात. पंधरा झाले की त्यांची घरघर होते. चाके लहान पण फेरे तिप्पट, त्यामुळे रस्त्यावरचा वेग मात्र मूळ इंजिनाएवढाच! ब्रिटनच्या 1865 च्या कायद्याने अशा वाहनांना गावाबाहेर ताशी 4 आणि गावात 2 मैलांची मर्यादा घातली होती, वर 60 यार्ड पुढे लाल निशाण घेऊन चालणारा माणूस. प्रतिकृतीलाही तो माणूस तेवढ्याच झपझप पावलांनी चालावा लागला असता.

सुरुवातीला सिलिंडर थंड असतो. घनफळाच्या मानाने त्याच्या भिंती तिप्पट, म्हणून आत शिरलेली वाफ चटकन थिजून पाणी होते. पिस्टनपुढे साठलेले पाणी दबत नाही. तसेच रेटले तर सिलिंडरचे झाकण फुटू शकते. म्हणून आधी तळाच्या तोट्या उघड्या ठेवून इंजिन हळूहळू फिरवतात आणि पाण्याऐवजी कोरडी वाफ येऊ लागली की त्या बंद करतात.

ओढण्याच्या बाबतीत मात्र लहानपण फायद्याचे. ओढ नऊ पट घटली, वजन सत्तावीस पट. म्हणजे वजनाच्या मानाने प्रतिकृती मूळ इंजिनाच्या तिप्पट जोरकस. मागच्या गाडीत चालकासह चार-पाच मोठी माणसे बसवून ती सहज चालते. अडते ते चाकांच्या पकडीपाशी. पकड वजनावर अवलंबून, आणि गाडीतल्या माणसांचे वजन इंजिनाच्या चाकांवर पडत नाही. ओल्या गवतावर वाफेचा झडप-दांडा घाईने ओढला, तर मागची चाके जागच्या जागी गरगर फिरतात.