पार्श्वभूमी : पासवर्ड एकच, कामं दोन

मजकूर आधी पासवर्डने कूटबद्ध करायचा, त्यातून निघालेला अक्षरांचा गोळा मेलमध्ये चिकटवायचा आणि पासवर्ड फोनवर सांगायचा. खासगी पत्रव्यवहाराची ही पद्धत दिसायला सोपी आहे, पण तिच्यामागचा गोंधळ जुना आहे.

गुप्त लेखन आपल्याला परकं नाही. ६४ कलांच्या यादीत म्लेच्छितविकल्प आहे. करपल्लवी, नेत्रपल्लवी हे शब्द मराठीत आजही समजतात. या पद्धतीची खरी वंशावळ मात्र अलीकडची. १९७७ साली अमेरिकेने मजकूर कूटबद्ध करण्यासाठी ५६ बिटांच्या, म्हणजे ५६ शून्य-एकांच्या, किल्लीचं मानक स्वीकारलं, तेव्हाच किल्ली आखूड असल्याची ओरड झाली होती. १९९८ साली अडीच लाख डॉलरांच्या आत बांधलेल्या एका यंत्राने ती ५६ तासांत शोधून काढली. २००१ साली एईएस हे नवं मानक आलं, त्यात किल्ली किमान १२८ बिटांची. किल्लीच्या लांबीचा प्रश्न तिथे मिटला. माणसाने निवडलेल्या पासवर्डचा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं मूळ शब्दातच आहे. पासवर्डला मराठीत ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. परवलीचा शब्द पहारेकऱ्याला सांगायचा असतो. त्याला पटला तर तो दार उघडतो, शंका आली तर अडवतो. मेल खात्याचा पासवर्ड अगदी असाच आहे. सर्व्हर हा पहारेकरी. चार-पाचदा चुकलात तर तो खातं थोडा वेळ बंद ठेवतो, विसरलात तर ओटीपी पाठवून नवा पासवर्ड करू देतो.

मजकूर कूटबद्ध करणाऱ्या पासवर्डला पहारेकरीच नसतो. तो कुणाला दाखवायचा नसतो. त्यातून गणिताने किल्ली घडते आणि त्या किल्लीने मजकूर बंद होतो. तो गोळा ज्याच्या हाती पडला, तो घरी बसून लाखो पासवर्ड लावून पाहू शकतो. त्याला अडवणारं कुणी नाही. आणि खरा मालक पासवर्ड विसरला, तर त्याला नवा देणारंही कुणी नाही. दोन्हींना आपण पासवर्डच म्हणतो, म्हणून एकाच्या सवयी दुसऱ्याला लावतो. या विषयातली निम्मी हानी या एका शब्दाने केली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पासवर्डमध्ये एका बिटाचा फरक पडला तरी किल्ली पूर्ण वेगळी होते. देवनागरीत पासवर्ड ठेवणाऱ्यांना याचा फटका बसू शकतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामायिक अक्षरयादीत, स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधीपासून ते ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिलं जातं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी असतात. पुण्यातल्या एका कीबोर्डवर टाइप केलेला ‘ॲड’ने सुरू होणारा पासवर्ड नाशिकला दुसऱ्या कीबोर्डवर अक्षरशः तोच टाइप केला, तरी मजकूर उघडेलच असं नाही.

पहारेकरी नाही, तर निदान प्रत्येक प्रयत्न महाग करावा, ही कल्पना १९७९ सालची. युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या दोघांनी लॉगिनच्या पासवर्डमध्ये १२ बिटांचं ‘मीठ’, म्हणजे दर वेळी वेगळी अशी भर, मिसळायची आणि तीच आकडेमोड २५ वेळा करायची पद्धत मांडली. मिठामुळे एकच पासवर्ड दोन ठिकाणी वेगवेगळं रूप घेतो. पासवर्डमधून किल्ली घडवण्याच्या पद्धती याच वाटेने गेल्या. २००० सालच्या पीबीकेडीएफ-२ या पद्धतीत किमान १,००० फेऱ्यांची शिफारस होती. आज सहा लाखांची केली जाते. २००९ साली आलेल्या एसक्रिप्ट या पद्धतीने आणि २०१५ साली स्पर्धेत निवडल्या गेलेल्या आर्गॉन-२ने फेऱ्यांसोबत मेमरीचाही खर्च वाढवला, कारण ग्राफिक कार्डांवर नुसत्या फेऱ्या भराभर उरकता येतात.

हे सगळं कष्टाचं काम आपल्याकडे एका सवयीने वाया जातं. ई-आधारची पीडीएफ घ्या. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. सुरेश, जन्म १९७४, तर एस-यू-आर-ई-१९७४. नाव ठाऊक असेल तर उरतं फक्त साल, म्हणजे फार तर शंभरेक प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाला सहा लाख फेऱ्या लावल्या तरी साधा संगणक ते काही मिनिटांत संपवेल. बँकांची स्टेटमेंट तर त्याहून पुढची: पासवर्ड कसा बनवायचा याचा नमुना त्याच मेलमध्ये छापलेला असतो. सोयीसाठी घेतलेला हा निर्णय चुकीचा आहे. त्याने लोकांना पासवर्ड म्हणजे जन्मतारीख असं शिकवलं.

मेल कूटबद्ध करणारं पीजीपी हे सॉफ्टवेअर १९९१ पासून उपलब्ध होतं. त्यात मजकूर बंद करायची किल्ली सार्वजनिक असते, उघडायची स्वतःकडे. मग पासवर्डच का? कारण तिथे दोन्ही बाजूंना किल्ल्या बनवाव्या लागतात, जपाव्या लागतात, समोरच्याची किल्ली खरी आहे का हे पडताळावं लागतं. ज्याला वर्षातून दोनदाच गुप्त मेल पाठवायचा आहे तो तिथेच थांबतो. म्हणून त्या घराण्यातल्या सॉफ्टवेअरनेही नुसत्या पासवर्डची सोय ठेवली. २०१८ साली मेल प्रोग्रामच्या आतच मजकूर उघडताना तो बाहेर झिरपू शकतो हे उघड झालं, तेव्हा मजकूर मेलबाहेर उघडा असाच सल्ला दिला गेला. गोळा वेगळा उघडणारे त्यातून आपोआप वाचले. विषयाची ओळ, पाठवणारा, घेणारा आणि वेळ मात्र या पद्धतीतही उघडीच राहते.

कायद्याची बाजू आपल्याकडे कधीच सरळ नव्हती. इंटरनेट सेवादारांच्या परवान्यात परवानगीशिवाय ४० बिटांपर्यंतच्याच किल्लीची मुभा होती. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी किल्ल्या. १९९७ साली एका विद्यार्थ्याने २५० संगणक जोडून तेवढ्या लांबीची किल्ली साडेतीन तासांत शोधली होती. दुसरीकडे २००१ साली बँकांच्या नियामकाने नेटबँकिंगला किमान १२८ बिट सांगितले. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाच्या मसुद्यात तर नागरिकांनी कूटबद्ध मजकुराची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी असं होतं. म्हणजे पत्र कुलुपात आणि त्याची नक्कल टेबलावर. टीका इतकी झाली की काही दिवसांतच मसुदा मागे घेतला गेला.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ मात्र कायम आहे. त्यानुसार मजकूर उलगडून देण्याचा आदेश निघू शकतो, आणि मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खात्याच्या पासवर्डच्या बाबतीत असा आदेश मेल कंपनीकडे, म्हणजे पहारेकऱ्याकडे जातो. इथे पहारेकरीच नाही, कंपनीकडे नुसता गोळा आहे. तेव्हा विचारणा होणार ती पासवर्ड ठाऊक असलेल्या दोघांकडेच.