हार्डवेअर वॉलेट

हार्डवेअर वॉलेट : कूटचलनाच्या व्यवहारांवर सही करणारी प्रायव्हेट की (धारकाची गुप्त संख्या) इंटरनेटला जोडलेल्या संगणकाबाहेर ठेवणारे लहान उपकरण. ‘वॉलेट’ हे नाव काहीसे फसवे आहे, कारण त्यात नाणी नसतात. नाणी म्हणजे ब्लॉकचेन या सामायिक खतावणीवरच्या नोंदी. त्या हलवण्याचा अधिकार सिद्ध करणारी की तेवढी उपकरणात असते. संगणक किंवा मोबाइल व्यवहाराचा मसुदा पाठवतो, उपकरण तो स्वतःच्या पडद्यावर दाखवते, धारकाने मान्यता दिल्यावर आतल्या आत सही करते आणि केवळ सही परत पाठवते. सर्व की ज्या मूळ यादृच्छिक संख्येपासून निघतात ती संख्या १२ किंवा २४ शब्दांच्या रूपात (सीड फ्रेज) कागदावर उतरवलेली असते. उपकरण हरवले वा फुटले तरी या शब्दांवरून सर्व काही परत उभे करता येते.

पहिले उपकरण कोणते, यावर एकमत नाही. की वेगळ्या पेटीत कोंडण्याची कल्पना बँकिंगमधील सुरक्षा-यंत्रे आणि स्मार्टकार्डे यांच्याइतकी जुनी आहे. बिटकॉइनपुरते पाहिल्यास प्रागच्या सातोशीलॅब्स कंपनीचे ‘ट्रेझर’ सामान्यतः पहिले मानतात. त्याचे जनक मारेक पालातिनुस व पावोल रुस्नाक. मार्च २०१२ मध्ये लिनोड या होस्टिंग सेवेवरील हल्ल्यात पालातिनुस यांच्या मायनिंग पूलमधून (नवे बिटकॉइन मिळवण्यासाठी अनेकांनी एकत्र चालवलेल्या संगणक-गटातून) ३,००० हून अधिक बिटकॉइन गेले आणि त्यातून ही कल्पना पुढे सरकली, असे सांगतात. ग्राहकांच्या हाती ट्रेझर २०१४ च्या मध्यास पडू लागले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये स्मार्टकार्डाच्या चिपवर आधारलेली, यूएसबीत खोचण्याची स्वस्त उपकरणेही निघाली होती. पण त्यांना पडदा नव्हता. संगणकच बाधित असेल तर पडद्याविना आपण कशावर सही करतो आहोत हे कळत नाही. त्यामुळे पडदा व बटण ही व्याख्येचीच अंगे धरणे अधिक योग्य दिसते, आणि तसे धरल्यास मान ट्रेझरकडे जातो. (चेक भाषेत ‘ट्रेझर’ म्हणजे तिजोरी. मराठी ‘तिजोरी’ इंग्रजी ‘ट्रेझरी’वरून आली हे मत ग्राह्य धरले, तर दोन्ही शब्द एकाच कुळातले ठरतात.) पॅरिसच्या लेजर कंपनीचे, सुरक्षित चिप व पडदा दोन्ही असलेले ‘नॅनो एस’ २०१६ मध्ये आले.

शब्दांच्या पद्धतीचे श्रेय बीआयपी-३९ या २०१३ च्या बिटकॉइन-सुधारणा प्रस्तावाला देतात. मात्र इलेक्ट्रम या सॉफ्टवेअर वॉलेटने १,६२६ शब्दांच्या यादीतून १२ शब्द देण्याची पद्धत २०११ मध्येच आणली होती. बीआयपी-३९ ची यादी २,०४८ शब्दांची आहे. प्रत्येक शब्द ११ बिट (० किंवा १ असे अंक) वाहतो. १२८ बिट यादृच्छिक संख्या अधिक ४ बिट तपासणी मिळून १३२, म्हणजे १२ शब्द. २५६ अधिक ८ मिळून २६४, म्हणजे २४ शब्द. तपासणीचे बिट इतके थोडे असल्याने १२ शब्दांत एखादा शब्द चुकला, तरी सुमारे १६ पैकी एका वेळेस ती रचना ‘वैध’ ठरते आणि भलतेच, रिकामे वॉलेट उघडते. या पद्धतीत आवृत्तिक्रमांक नाही आणि ती ठराविक यादीवर विसंबते, या आक्षेपांवरून इलेक्ट्रमने आपली वेगळी रचना कायम ठेवली. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहेत. तरी बहुतेक उपकरणे बीआयपी-३९ वाचतात, हे व्यवहारात अधिक मोलाचे ठरले.

बीआयपी-३९ च्या अधिकृत शब्दयाद्या दहा आहेत. त्यांत एकही भारतीय भाषा नाही. शब्द सोयीसाठी देवनागरीत उतरवणे घातक आहे. इंग्रजी यादीत ‘शांतता’ या अर्थाचा ‘पीस’ आहे आणि ‘तुकडा’ या अर्थाचाही. ‘बरोबर’ या अर्थाचा ‘राइट’ आहे आणि ‘लिहिणे’ या अर्थाचाही. देवनागरीत या जोड्या एकरूप होतात. शब्द रोमन लिपीत, मोठ्या सुट्या अक्षरांत, अनुक्रमांकासह लिहावेत. पहिली चार अक्षरे प्रत्येक शब्दाची वेगळी असल्याने तेवढी स्पष्ट असली तरी शब्द ओळखता येतो.

मांडणी : उपकरण उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे, जुने घेऊ नये. खोक्यात शब्द आधीच छापलेले किंवा पिन ठरवून दिलेला असेल, तर ते उपकरण वापरू नये : ते शब्द आणखी कोणाकडे तरी आहेत. उत्पादकाचे ॲप त्याच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून उतरवावे. शोधयंत्रातील जाहिरातींतून बनावट ॲपे पसरतात. फर्मवेअर (उपकरणातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून ॲपमधली अस्सलपणाची तपासणी पुरी करावी. ‘नवे वॉलेट’ निवडून शब्द उपकरणाच्याच पडद्यावरून कागदावर उतरवावेत. त्यांचा फोटो, स्क्रीनशॉट, ईमेल, क्लाउडमधील टिपण यांपैकी काहीही करू नये; संगणकाच्या कळफलकावर ते टाइप होताच उपकरणाचा हेतू संपतो. पिनच्या चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा असते : लेजर तीन प्रयत्नांनंतर स्वतःला पुसते, तर ट्रेझर दर चुकीला प्रतीक्षा वाढवत नेते व ठराविक चुकांनंतर पुसते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. वॉलेटचा पहिला पत्ता (रक्कम मागवण्यासाठी द्यायची अक्षर-अंकांची ओळ) टिपून ठेवावा, उपकरण मुद्दाम पुसावे, कागदावरच्या शब्दांवरून पुन्हा उभे करावे आणि तोच पत्ता येतो का ते पाहावे. लिहिण्यातली चूक पैसे नसताना सापडते ती इथेच. मग लहान रक्कम मागवावी, परत पाठवून पाहावी आणि त्यानंतरच मोठी रक्कम हलवावी.

शब्द बरोबर असूनही शिल्लक शून्य दिसण्याची कारणे साधारण तीन. पहिले, मूळ संख्येपासून पत्ते काढण्याचा निराळ्या सॉफ्टवेअरचा निराळा मार्ग : बिटकॉइनसाठी ४४, ४९, ८४ या क्रमांकांच्या वाटा वेगवेगळे पत्ते देतात. दुसरे, सलग २० न वापरलेल्या पत्त्यांपुढे बरीच सॉफ्टवेअरे शोधत नाहीत. तिसरे, पासफ्रेज. पासफ्रेज म्हणजे धारकाने शब्दांना जोडलेला ऐच्छिक मजकूर. त्यातील प्रत्येक बदल वेगळे, वैध वॉलेट उघडतो. त्यामुळे ‘चुकीची पासफ्रेज’ असा संदेश येतच नाही. मोकळी जागा किंवा लहान-मोठे अक्षर एवढ्यानेही वॉलेट बदलते. विसरलेली पासफ्रेज उत्पादकालाही परत देता येत नाही.

वापर व धोके : घेणाऱ्याचा पत्ता संगणकावर नव्हे, उपकरणाच्या पडद्यावर पूर्ण ताडावा. क्लिपबोर्डवरचा पत्ता बदलणारे मालवेअर जुने आहे. अलीकडे सुरुवातीची व शेवटची अक्षरे जुळणारे पत्ते मुद्दाम व्यवहार-इतिहासात पेरले जातात. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) व्यवहारात पडद्यावर केवळ आकड्यांची माळ येत असेल तर ती आंधळी सही होय. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या (कूटचलन-बाजाराच्या), अनेक सह्या लागणाऱ्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली. वॉलेट सांभाळणाऱ्या कस्टडी-सेवेच्या पडद्यावर दिसलेला मजकूर व प्रत्यक्ष सही झालेला मजकूर निराळे होते, असे एक्स्चेंजचे म्हणणे. दोष कोणाच्या बाजूला, यावर एक्स्चेंज व सेवा यांच्यात वाद आहे.

उपकरणच चोराच्या हाती पडल्यास चिपचा प्रश्न येतो. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या सुरक्षा-प्रयोगशाळेने ट्रेझरच्या सर्वसाधारण चिपमधून, विद्युतदाबात झटके देऊन, सुमारे १५ मिनिटांत सीड (शब्दांमागची मूळ संख्या) काढून दाखवले. पासफ्रेज उपकरणात साठत नसल्याने ती या हल्ल्यातून वाचते. सुरक्षित चिप अधिक टणक असते, परंतु तिची अंतर्गत रचना बहुधा गुप्त. उघड रचना की टणक चिप, हा वाद त्यामुळे मिटलेला नाही. सामान्य धारकाचे नुकसान मात्र चिप फोडून क्वचितच होते. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावे, पत्ते व फोन क्रमांक फुटले. पुढे त्या पत्त्यांवर बनावट उपकरणेदेखील टपालाने आली. शब्द मागणारा संदेश, फोन किंवा पत्र कोणाच्याही नावाने आले, तरी ती फसवणूकच.

शब्दांचा कागद कोकणासारख्या दमट हवेत लवकर खराब होतो आणि थर्मल कागदावरची छपाई आपोआप पुसट होते. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकून उमटवलेली अक्षरे पाण्यात टिकतात आणि घराच्या आगीतही बहुधा वाचतात, कारण हे स्टील सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला वितळते. शब्द विभागून ठेवायचे झाल्यास २४ शब्दांचे दोन हाती तुकडे करू नयेत; एक तुकडा गेला की सर्व जाते. त्यासाठी गूढलेखनतज्ज्ञ आदी शमीर यांच्या १९७९ च्या पद्धतीवर आधारित एसएलआयपी-३९ ही वेगळी शब्दरचना आहे. तिच्यात तीनपैकी कोणतेही दोन भाग पुरे, अशी रचना करता येते. मात्र तिचे शब्द केवळ बीआयपी-३९ वाचणाऱ्या उपकरणात चालत नाहीत.